डावीकडची जागा

लेहला जाताना गाडी तू चालवायचीस, असं आप्पांनी सांगितलं तेव्हा माधवीला वाटलं, थट्टा करायलेत. ती हसली. पलीकडे शेंगा फोडत बसलेली आईही हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी कॉटवर नकाशा पसरला होता आणि त्याची टोकं उडू नयेत म्हणून एका बाजूला तांब्या, दुसऱ्या बाजूला अडकित्ता ठेवला होता.

"मनालीपतोर रस्त्याचं काय न्हाय. तितनं पुढं मी सांगीन तसं घ्यायचं," ते म्हणाले. "तू स्टेअरिंग धर, बाकी माझ्यावर सोड."

"आणि तुम्ही काय करणार?"

"शेजारी बसून वाट दाखवणार."

"आप्पा, मी वडगावातनं उद्यमबागला गाडी नेते. कामावर. तो काय घाट हाय?"

"म्हणून तर शिकवतो म्हणतोय न्हवं."

भावकू, म्हणजे माधवीचे आप्पा, सैन्यात ड्रायव्हर होते. नोकरीची कितीतरी वर्षं त्यांनी मनाली ते लेह या रस्त्यावर ट्रक चालवला होता. बारालाचा, लाचुलुंग, तंगलंग या खिंडींची नावं माधवीला शाळेतल्या नद्यांच्या आधी पाठ झाली होती. त्यातही मोरेचं मैदान. दोन्ही अंगांना उघडे डोंगर, मधे सपाट वाळवंट, झाड नाही, माणूस नाही, आणि वारा असा की ट्रकचं दार उघडलं तर हातातनं निसटून जाईल. सगळ्या गाड्या रांगेनं पुढं जात असायच्या, त्यामुळं तिथं कधी मनासारखं थांबता आलं नाही, असं आप्पा दरवेळी सांगायचे.

आणि रुक्माबाईनं, म्हणजे आईनं, ती सगळी वर्षं बेळगावजवळच्या कंग्राळीतच काढली होती. सासू, भाताची शेती, माधवी आणि दोन म्हशी. "काय एवढं हाय तितं, एकदा माझ्या डोळ्यानं बघू दे तरी," असं ती म्हणायची. आधी घर बांधायचं होतं, मग माधवीचं लग्न, मग सासूचं दुखणं. जाणं राहतच गेलं. यंदा गणपती गेल्यावर आप्पांनी आपणहून नकाशा काढला आणि म्हणाले, ह्या वर्षी जायाचं. आपलीच बोलेरो घेऊन. निपाणी, कोल्हापूर, पुणे करत पार वरपर्यंत.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. जिस्पाला जादा मुक्काम करायचा, म्हणजे अंगाला विरळ हवेची सवय होते. सरचूला झोपायचं नाही, डोकं धरतं. पुढं डिझेल मिळत नाही, कॅन भरून घ्यायचे. आप्पा हे सगळं असं बोलायचे की जणू त्यांना कालच तिकडनं सुट्टी मिळाली होती. रुक्माबाईनं कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कुंद्याचा डबा कशात बांधायचा तेही ठरवलं होतं.

माधवीचा नवरा स्वरूप येऊ शकणार नव्हता. वडगावात त्याचे माग होते आणि दिवाळीच्या साड्यांचं काम डोक्यावर होतं. माधवीच्या जाण्याला त्यानं आनंदानं हो म्हटलं होतं. पण गाडी ती चालवणार हे कळल्यावर तो जेवता जेवता थांबला.

"मामा असताना तू कशाला?"

"त्यांची कंबर दुखते म्हणतात. म्हणून तर गेल्या दिवाळीपासून गोव्याच्या भाड्याच्या फेऱ्या सोडल्या त्यांनी."

"कंबर दुखणारा माणूस एवढा लांब नुसता बसून तरी कसा येणार?"

माधवी वाढायला उठली.

पहिला सराव निपाणीच्या अलीकडं, तवंदी घाटात झाला. मोठा रस्ता, दोन्हीकडच्या गाड्यांना वेगळ्या वाटा, तरी माधवी दुसऱ्या गिअरच्या वर जाईना. आप्पा शेजारी ताठ बसले होते. त्यांचा आवाज बदलला होता, घरातला राहिला नव्हता.

"क्लच दाबून सोडायची न्हाय गाडी. गिअरवर उतरायची. ब्रेकवर नाचू नको. पुढच्या ट्रकच्या चाकाकडं बघ, दिव्याकडं न्हाय."

तिला हळूहळू जमायला लागलं. खाली उतरल्यावर एका ट्रकला वाट द्यायला तिनं विचारलं, "डावीकडं घेऊ?"

"घे. मोकळं हाय."

तिनं घेतली, आणि कुणीतरी जोरात ओरडलं. डाव्या अंगानं एक दूधवाला मोटरसायकलवरनं चालला होता. दोन्ही बाजूंना कॅन लटकत होते. गाडी त्याच्या इतकी जवळ गेली की कॅनवर आरसा घासल्याचा आवाज आला. माधवीनं गाडी सावरली. दूधवाला हात उगारून पुढं निघून गेला.

"आप्पा! मोकळं म्हणालात की!"

"मागनं आला असंल. असेच घुसत्यात ही लोकं."

पण तो मागनं आला नव्हता. पुढंच होता. माधवीला ते नंतर आठवलं, आणि आठवूनही तिनं मनातनं काढून टाकलं. आप्पांचं गाडीच्या बाबतीत कधी चुकतच नाही, हे त्या घरात धरूनच चाललेलं होतं.

पुढच्या रविवारी ते कणकुंबीला गेले. आप्पांना तिला खरा घाट दाखवायचा होता. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी, वर धुकं. "तितं बर्फ असतंय, हितं धुकं. भीती एकच," ते म्हणाले. रुक्माबाईही निघाली. मागच्या सीटवर बसून तीही सवय करून घेणार होती.

खानापुराकडचं ऊन जांबोटीच्या पुढं संपलं. कणकुंबी मागं टाकली तेव्हा झाडांच्या अंगावरनं पाणी गळत होतं आणि धुकं रस्त्यावर उतरलेलं होतं. आप्पांनी मुख्य रस्ता सोडून आत जंगलात उतरणारी एक वाट घ्यायला लावली. एकच गाडी जाईल एवढा डांबरी रस्ता. उजवीकडं डोंगराची कापलेली लाल माती, डावीकडं गवताची एक पट्टी आणि तिच्यापुढं पांढरं. कठडा नव्हता.

"आई, भीती वाटते का?" माधवीनं विचारलं.

"तू पुढं बघ," रुक्माबाई म्हणाली.

एका वळणावर समोरनं दिवे आले. बांबू भरलेली पिकअप चढ चढून येत होती. चढणाऱ्याला वाट द्यायची, हे आप्पांनी शिकवलेलं होतं. माधवीनं गाडी अगदी हळू केली. तिच्या जागेवरनं डावीकडची कड दिसत नव्हती, बॉनेट आडवं येत होतं.

"आप्पा, किती जागा हाय?"

आप्पांनी काच खाली केली, डोकं बाहेर काढून खाली बघितलं. "लई हाय. घे."

तिनं घेतली.

"आणि घे. त्याला यायला नको?"

"आप्पा, नक्की?"

"घे म्हणतोय न्हवं! बघायलोय मी!"

समोर पिकअपवाला खिडकीतनं हात बाहेर काढून काहीतरी खुणावत होता. माधवीला वाटलं, अजून सरका म्हणतोय. तिनं स्टेअरिंग किंचित डावीकडं वळवलं. गाडीचं नाक एकदम खाली गेलं. खालून लोखंड दगडावर घासल्याचा मोठा आवाज झाला आणि गाडी डाव्या कोपऱ्यावर कलून थांबली. बॉनेटसमोर रस्ता नव्हता. नुसतं धुकं होतं आणि त्यात, पायाखाली कुठंतरी, झाडांचे शेंडे.

माधवीचा पाय ब्रेकवर होता.

आप्पांचा आवाज आला, एकदम शांत. "पाय काढू नको. हँडब्रेक वड. पुरा वड. हां. आता इंजिन बंद. गिअर मागचा टाक. सावकाश." तिनं तसं केलं. "आता पाय हळूहळू सोड." तिनं सोडला. गाडी कुरकुरली, पण हलली नाही.

"बरं," आप्पा म्हणाले. "चाक गटारात गेलं असंल. मी उतरून बघतो." आणि त्यांनी आपल्या बाजूचं दार उघडलं.

"आप्पा, नको!"

"गप बस. काय हुतंय त्याला? रस्ता हाय की खाली."

त्यांनी पाय बाहेर टाकला. दार कलतं असल्यामुळं ते आपोआप पूर्ण उघडलं आणि आप्पांचं अंग त्याच्याबरोबर बाहेर निघालं. तेवढ्यात मागनं रुक्माबाईनं त्यांच्या सदऱ्याची कॉलर धरली. दोन्ही हातांनी. तिच्या बाजूच्या काचेतनं तिला सगळं दिसत होतं.

"आवं, खाली काय न्हाय! काय न्हाय खाली!"

"सोड, रुक्मा. रस्ता हाय."

"न्हाय हो! झाडं हाईत! वरनं दिसायलीत!"

आप्पांच्या पायातली चप्पल सुटली. ते थांबले. ती खाली पडल्याचा आवाज येईल म्हणून ते कान देऊन राहिले. माधवीही, रुक्माबाईही. आवाज आलाच नाही.

मग आप्पांनी पाय आत घेतला. फार सावकाश, कुणा दुसऱ्याचा पाय असावा तसा. दार त्यांनी ओढून घेतलं नाही. ते तसंच दरीवर उघडं लोंबत राहिलं.

पिकअपवाला धावत आला होता. त्याचं नाव मष्णू, कणकुंबीचाच होता, हे नंतर कळलं. तो कुणाला काही विचारायच्या आधी बोलेरोच्या मागच्या पायरीवर चढला आणि सगळं वजन टाकून लोंबकळला.

"मी मागं भार दिलाय. गडबड न्हाय. पुढचं कोण तरी मागं सरका आधी," तो ओरडला.

आप्पा दोन सीटांच्या मधनं मागं सरकले. त्यांचा सदरा खांद्यावर फाटला होता. मग त्यांनी माधवीला उजवीकडनं उतरायला सांगितलं. ती उतरली आणि मागचं दार धरून उभी राहिली. नंतर रुक्माबाईनं उतरायचं होतं. पण ती उतरेना.

"तुम्ही आधी."

"रुक्मा, उतर म्हणतोय. गाडी माझी हाय, मी शेवटी उतरणार."

"आणि पाय कुठं टाकणार? कुणी बघायचं?"

हे ती हळूच बोलली. शेवटी दोघं एकाच दारानं, एकमेकांना धरून उतरले. रुक्माबाईचा हात त्यांच्या दंडाला होता, आणि ती त्यांना सांगत होती, हितं पाय टाका, आता हितं.

थोड्या वेळानं मागनं एक ट्रॅक्टर आला. मष्णूनं त्याला साखळी लावून बोलेरो मागं ओढून घेतली. खालचा पत्रा सोलपटला होता, बाकी गाडी चालण्यासारखी होती. साखळी सोडवून हात पुसत मष्णू आप्पांपाशी आला.

"अण्णा, एक इचारू का? राग मानू नका. मी हात करून सांगायलोतो, तिकडं घेऊ नका, घेऊ नका म्हणून. तुम्ही तर डोकं भाईर काढून बघायलोता. तुम्हाला दिसलं न्हाय व्हय?"

आप्पा त्याच्याकडं बघत राहिले. "धुकं लई हाय," ते म्हणाले.

मष्णूनं रस्त्याकडं बघितलं. कडेचं गवत, तुटलेली माती, चाकाची खूण, सगळं तिथनं स्वच्छ दिसत होतं. मग तो माधवीला म्हणाला, "आक्का, सावकाश जावा," आणि आपल्या पिकअपकडं निघून गेला.

आप्पा एका अनवाणी पायानं तिच्याजवळ आले आणि हात पुढं केला.

"दे चावी. मी नेतो."

"न्हाय."

"तुझं हात बघ. असल्या हातानं घाट चढणार हाईस?"

"तुम्हाला डावीकडचं दिसत न्हाय, आप्पा."

"कोण म्हणतंय?"

"तो दूधवाला पुढं होता. मागं नव्हता. तवंदीत. मी बघितलं नाही कारण तुम्ही मोकळं हाय म्हणालात. आणि आता दार उघडून पाय टाकत होता तुम्ही! आईनं धरलं नसतं तर..." तिनं चावी मुठीत घट्ट धरली. "चावी मिळणार न्हाय."

आप्पांनी हात मागं घेतला नाही. त्या घरात त्यांना कुणी असं बोललेलं नव्हतं. माधवीला वाटलं, आता हे चावी हिसकावून घेणार. कडेला बसलेली रुक्माबाई उठली, त्या दोघांच्या मधनं चालत गेली आणि पुढच्या सीटवर, आप्पांच्या जागेवर जाऊन बसली. दार लावून घेतलं.

"चल गं," ती म्हणाली. "मी सांगते किती जागा हाय ते."

"तुला काय कळतंय गाडीतलं?" आप्पा म्हणाले.

"गाडीतलं न्हाय कळत. जमीन दिसत्याय."

आप्पा मागं बसले.

ती जंगलातली वाट पुढं वळून परत वर मोठ्या रस्त्याला लागत होती. तिथनं गाडी वर येईपर्यंत रुक्माबाई काचेतनं अर्धी बाहेर वाकून बोलत राहिली. दोन हात हाय. आता एक हात. थांब, थांब, दगड हाय. आता घे. माधवीनं फक्त त्या आवाजावर गाडी चालवली. कणकुंबीचा मोठा रस्ता लागला तेव्हा तिच्या पाठीचा कपडा ओला झालेला होता.

जांबोटी आली. मग मागनं आप्पा बोलले.

"मी खोटं न्हाय बोललो."

माधवीनं आरशात बघितलं. ते बाहेर बघत होते.

"गेल्या दिवाळीला डॉक्टरकडं गेलतो. काचबिंदू म्हणाला. गाडी चालवू नका म्हणाला. म्हणून तर सोडली मी. म्हणून तर तुला शिकवायला लागलो. मी काय एवढा खुळा न्हाय, तुम्हाला घेऊन आंधळेपणानं गाडी हाणायला."

"मग मला सांगायचं तरी..."

"काय सांगायचं? अगं, जितं दिसत न्हाय तितं काळं दिसत न्हाय. रस्ताच दिसतोय. मी डोकं भाईर काढून बघितलं तवा मला रस्ता दिसला. डांबर दिसलं. आता बी डोळ्यापुढं हाय." ते थांबले. "पाय टाकला तवा बी दिसत हुता."

रुक्माबाईनं पुढं बघत विचारलं, "औषध दिलतं काय?"

"थेंब दिलते."

"घालताय?"

आप्पांनी दोन्ही डोळे चोळले.

"आग हुते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माधवीनं सुट्टी काढली आणि त्यांना बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. आप्पांना एका यंत्रात हनुवटी टेकून बसवलं. दिवा दिसला की बटण दाबायचं होतं. माधवी आणि रुक्माबाई मागं बाकावर बसून ऐकत होत्या. बटणाचा आवाज यायचा, मग यायचा नाही. खूप वेळ यायचा नाही. रुक्माबाईनं माधवीचा हात घट्ट धरला होता. माधवीला मनातल्या मनात ओरडून सांगावंसं वाटत होतं, दाबा आप्पा, आता दाबा, पण दिवा कुठं लागतोय हे तिलाही दिसत नव्हतं.

डॉक्टर बाई तरुण होत्या, कन्नड वळणाचं मराठी बोलत होत्या. डावीकडची आणि खालची नजर दोन्ही डोळ्यांची गेलेली आहे, गेलेली परत येणार नाही. थेंब बंद केल्यामुळं ह्या वर्षात जास्त गेली. राहिलेली टिकवता येईल, पण थेंब रोज, न चुकता. गाडी आता कधीच नाही.

"प्रवास?" रुक्माबाईनं विचारलं.

"प्रवासाला काय होतंय? औषध बरोबर ठेवा. गाडी मात्र दुसऱ्यानं चालवायची."

घरी आल्यावर आप्पांनी नकाशाची घडी घातली आणि कपाटावर टाकली. मग ते मागच्या अंगणात जाऊन बसले, गोठ्याकडं तोंड करून. जेवायला बोलावलं तर आले, जेवले, परत तिथं जाऊन बसले. पुढचे दिवस असेच गेले. थेंब घालायची वेळ झाली की रुक्माबाई बाटली घेऊन जायची, त्यांची मान धरून मागं करायची आणि घालायची. ते डोळे मिटून आग सोसत बसायचे. दोघांत एवढंच बोलणं होतं.

माधवी रोज कामावरनं वडगावला जायच्या आधी कंग्राळीला चक्कर मारायची. तिला आप्पांचा राग येत होता. रात्री झोपताना डोळे मिटले की गाडीचं नाक खाली जायचं. कामावर जाताना तिसऱ्या रेल्वे गेटापाशी शेजारून बस गेली तरी तिचा पाय ब्रेकवर जायचा. पण गोठ्याकडं तोंड करून बसलेले आप्पा बघितले की राग कुठं धरावा तेच कळायचं नाही.

शेवटी एका संध्याकाळी रुक्माबाईनंच विषय काढला. माधवी नुकतीच आली होती.

"जायाचं कवा?" रुक्माबाईनं आप्पांना विचारलं.

"कुठं?"

"लेहला."

"डोकं फिरलंय तुझं," आप्पा म्हणाले. "कोण नेणार? हिला मी आता सांगणार न्हाय. आणि ही जाणार बी न्हाय."

"मी चालवणार न्हाय," माधवी म्हणाली. "ते खरं हाय. मला जमणार न्हाय, आप्पा. मी प्रयत्न केला असता, पण आता न्हाय."

"तर मग झालं."

"झालं कसं?" रुक्माबाई म्हणाली. "मनालीपतोर रेल्वेनं, बसनं जाऊ. तिकडं गाड्या न्हाईत? ड्रायव्हर न्हाईत?"

आप्पा ताडकन उठले. उठताना पायरीवर त्यांचा पाय अडखळला आणि त्यांनी भिंत धरली. "भाड्याच्या गाडीत? मागच्या सीटवर? त्या रस्त्यावर? अगं, त्या रस्त्यानं मी ट्रक नेलेत. पुढच्या गाडीचा दिवा दिसंना झाला तर उतरून चालत पुढं गेलोय, मागनं जोडीदार माझा ट्रक आणायचा. आणि आता कुणीतरी पोरगं मला दाखवणार, ते बघा अंकल डोंगर? मला न्हाय यायचं. तू जा. हिला घेऊन जा."

"मी एकटी जाऊन काय करू? डोंगर मला सांगणार हाय व्हय, तुम्ही कुठं झोपत होता ते?"

रुक्माबाईनं थेंबाच्या बाटलीचं झाकण लावलं.

"तुम्ही तिकडं असताना," रुक्माबाई म्हणाली, "आत्याबाई रोज इचारायच्या, आज पोरगं कुठं पोचलं असंल. मी कायबाय नाव सांगायचे. जिस्पा म्हणायचे, पांग म्हणायचे. मला काय ठाऊक, ते गाव हाय का डोंगर. एकदा रेडिओवर बर्फाची बातमी लागली आणि चार दिवस मी म्हशीला पाणी दावलंय का न्हाय ते मला आठवत न्हाय. ते सगळं मी न बघता केलंय. त्या दिवशी गाडीतनं कॉलर धरली तवा मला वाटलं, आता न बघताच जाणार हा माणूस. आणि मी बी." ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला बघायचंय. तुमच्यासंगट. मागं बसा न्हाय तर पुढं बसा."

माधवीनं आईला इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आप्पा भिंतीला धरून उभे होते. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी येत होतं, पण ते थेंबांचं होतं की कशाचं ते सांगता येत नव्हतं.

माधवीनं फोन काढला. कारखान्यातली तिच्या टेबलाशेजारची सौम्या मागच्या वर्षी तिकडं जाऊन आली होती. तिच्याकडनं मनालीपुढच्या केलाँगच्या एका ड्रायव्हरचा नंबर माधवीनं आधीच घेऊन ठेवला होता. लागेलच म्हणून नाही, लागला तर म्हणून. तिनं नंबर लावला आणि फोन आप्पांच्या हातात दिला.

"मी काय बोलू?"

"तुम्हाला ठाऊक हाय काय इचारायचं ते. मला न्हाय."

पलीकडनं हॅलो ऐकू आलं. आप्पांनी फोन कानाला लावला. माधवीला वाटलं, ठेवून देणार. मग ते एकदम लष्करी हिंदीत सुरू झाले. गाडी कौन सी है. टायर कब बदला. पांग के आगे सड़क कैसी है. नाला दोपहर के बाद पार करता है या पहले. सरचू में रुकता है क्या. पलीकडचा माणूस सावकाश, न चिडता उत्तरं देत होता. सरचूला थांबत नाही, असं त्यानं सांगितलं तेव्हा आप्पांनी मान हलवली. मग त्यानं काहीतरी विचारलं. आप्पा अडखळले.

"मैं? नहीं, अभी ड्राइवर नहीं. पहले था." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "अभी सवारी."

पलीकडनं पुन्हा प्रश्न आला. सवारीत कुणाला काही त्रास आहे का, दम, हृदय, असं काहीतरी. रुक्माबाई हातातली बाटली धरून थांबली होती. आप्पांनी तिच्याकडं बघितलं. त्यासाठी त्यांना मान पूर्ण डावीकडं वळवावी लागली.

"मुझे कम दिखता है," ते म्हणाले. "बायीं तरफ से. नीचे का बिलकुल नहीं. उतरते समय हाथ देना पड़ेगा."

आतापर्यंत आप्पांनी हे घराबाहेरच्या कुणालाच सांगितलेलं नव्हतं. पलीकडचा माणूस काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. थोडकंच बोलला. आप्पा "हां, हां" म्हणत राहिले. मग त्यांनी फोनवर तळहात ठेवला आणि माधवीला विचारलं, "इचारायलाय, कवा येणार. लौकर या म्हणतोय, मग बर्फ सुरू हुतंय. कवा जायाचं गं?"

तारीख नेहमी आप्पाच सांगत आलेले. माधवीनं आईकडं बघितलं.

रुक्माबाईनं पदरानं तोंड पुसलं. "उद्या निघालो तर चालतंय का इचारा त्याला," ती म्हणाली.